मागून येणारी अक्षरं

डोळ्यांत थेंब घातले की तासभर नुसतं बसून राहावं लागतं. बाहुल्या मोठ्या होतात आणि वस्तूंच्या कडा हळूहळू विरघळतात. मागच्या हिवाळ्यात मी असाच दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. खिडकीतलं ऊन पांढरं होऊन सगळ्या खोलीत पसरलं होतं. माणसं त्या पांढऱ्यातून बाहेर येत होती आणि पुन्हा त्यातच जात होती. कोणालाच चेहरा नव्हता. आवाज मात्र फार जवळून, अगदी कानाशी बोलल्यासारखे येत होते.

नोंदणीच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती. तिनं एका म्हाताऱ्याला गाव विचारलं. त्यानं आपल्या तांड्याचं नाव सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं.

"बाबा, ते यादीत नाही. दारव्हा टाकून देते."

"टाक माय," म्हातारा म्हणाला.

मग कीबोर्डचा आवाज आला आणि लगेच संपला. एवढंच घडलं. पण थेंबांमुळे नव्हे तर दुसऱ्याच कशामुळे तरी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

त्याच खिडकीवर बारा-तेरा वर्षांपूर्वी एक बाई बसायची. ती मंद आहे असं ठरवून तिला कामावरून काढलं. ती मंद नव्हती. मंद होता मी लिहिलेला प्रोग्राम. आणि हे कळल्यावरही मी गप्प राहिलो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला राहिली नाही. दवाखान्याचं किंवा कुठल्याही माणसाचं नाव इथं घालत नाही. नावं न घालण्यात माझीही सोय आहे, हे मला समजतं. पण या गोष्टीत ज्याच्याकडं बोट दाखवायचं तो मीच आहे, आणि तो प्रत्येक ओळीत हजर आहे.

आमचं घर कारकुनांचं. वडील, काका, आजोबा, सगळे कुठल्या ना कुठल्या कचेरीत टेबलाला बसलेले. आमच्याकडं पोरांचं अक्षर बघून त्यांची किंमत ठरायची. मी गणित शिकवायला गेलो, पण अक्षराचा अभिमान रक्तातून गेला नाही. निवृत्त झाल्यावर मी पुस्तकं आणून, इंटरनेटवर वाचून प्रोग्रामिंग शिकलो. पडद्यावर एक छोटी खिडकी उघडली आणि तिच्यात मराठीत 'नमस्कार' आलं, त्या दिवशी मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं होतं.

या डोळ्यांच्या दवाखान्यात माझे एक जुने सहकारी विश्वस्त होते. नोंदणी अजून वहीत चालते, तुम्ही काही करून द्या, असं ते म्हणाले. मी करून दिलं, सेवा म्हणून. खिडकी, बटण, यादी, लिहायची चौकट असे तयार भाग देणारं साहित्य फुकट मिळतं. त्याला टूलकिट म्हणतात. ते भाग एकमेकांना जोडायचे आणि कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं ते लिहायचं, एवढं आपलं काम. रुग्णाचं नाव, वय, गाव आणि डोळा कोणता. गावासाठी मी एक यादी ठेवली होती. गावाचं नाव लिहायला लागलं की खाली जुळणारी गावं दिसायची आणि एक निवडायचं.

नोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. एकीवर एक माणूस बसायचा, त्याला सगळे भाऊ म्हणायचे. तो हसतमुख होता आणि त्याचा हात झपाझप चालायचा. दुसरीवर ही बाई. दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरून रोज जीपनं यायची. तिशीच्या आतली, बारावी झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. आमच्या भागात तिच्या समाजाचे तांडे गावांना लागून असतात, पण सरकारी कागदात पुष्कळदा गावाचंच नाव येतं. तांडा त्या नावाखाली झाकला जातो.

पहिल्याच आठवड्यात ती मला म्हणाली, "सर, यादीत तांडे टाका ना. शस्त्रक्रियेनंतर तपासाले गाडी जाते तुमची. ते गावात विचारत फिरते अन् पेशंट राह्यते तांड्यात."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मी म्हटलं, मला नावं कोण सांगणार? ती म्हणाली, मी सांगते. आणि तिनं सांगितली.

त्या दुपारी मला आजही एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारख्या आठवतात. ओपीडी संपलेली असायची. फरशी पुसून ओली असायची. बाहेर कडुलिंबाची पिवळी पानं गळत असायची. ती खुर्चीत मागं टेकून डोळे मिटायची आणि मनातल्या मनात रस्त्यानं निघायची. "आता दारव्ह्यावरून निघा सर. उजव्या हाताले पह्यला आमचाच." मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. नाला ओलांडला की एक, टेकडीच्या मागं दोन. "इथं माह्यी मावशी दिली. इथं वहिनीचं माहेर. हा लहान आहे, दहा-बारा घरं, पण टाका." मी लिहीत जायचो. जिथं तिचं नातं संपायचं तिथं ती थांबायची आणि दुसऱ्या दिवशी कोणाकोणाला विचारून यायची. पांढरकवड्याच्या बाजूचे तांडे तिला एका पेशंट म्हातारीनं सांगितले. झरी जामणीकडचे कोलामांचे पोड, म्हणजे त्यांच्या वस्त्या, त्याही तिनं कोणाकडून तरी मिळवले. मी या जिल्ह्यात जन्मलो, चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण त्या दुपारी मी हा जिल्हा पहिल्यांदा पाहिला, एका बाईच्या मिटलेल्या डोळ्यांतून. यादी आधी होती त्याच्या कितीतरी पट झाली.

ती नवी यादी चालू केल्यावर तिनंच मला बोलावलं. पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "टिंब कापून राह्यलं सर."

मी चष्मा पुसून पाहिलं. खरंच कापलं जात होतं. त्या टूलकिटनं यादीतल्या ओळीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापानं धरली होती. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या असतात, टिंबं असतात. खाली उकार असतात. त्यांना जागा पुरत नव्हती. 'तांडा' या शब्दाचं टिंब उडून सगळीकडं 'ताडा' दिसत होतं. वणीची वेलांटी अर्धी झाली होती.

माझ्यातला कारकुनाचा नातू जागा झाला. मराठी अक्षराला कात्री लागलेली मला चालणार नव्हती. त्याच दिवशी घरी येऊन मी सोय शोधून काढली: प्रत्येक ओळीची उंची तिच्यातला मजकूर मोजून ठरवावी, अशी एक आज्ञा होती. ती मी लिहिली. घरच्या संगणकावर सगळी टिंबं, सगळ्या वेलांट्या डोक्यावर पदर घेतल्यासारख्या नीट दिसल्या. मला फार समाधान वाटलं. घरच्या प्रतीत फक्त माझ्या ओळखीची पंधरावीस गावं होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

दवाखान्यात पूर्ण यादी होती.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती म्हणाली, पडदा थांबतो. मी गेलो. पंख्याखालची धूळ झटकली, मेमरी वाढवायला सांगितली, दुसरे प्रोग्राम बंद करवले. व्होल्टेजवर शंका घेतली, कारण आमच्याकडं शंका घ्यायला ते कायम हाताशी असतं. माझ्यासमोर भाऊनं नोंद करून दाखवली. झटकन झाली. मी निश्चिंत होऊन घरी आलो.

आता हे समजून सांगायला हवं. भाऊ गावाचं नाव लिहीतच नसे. माणूस कुठलाही असो, तो वर ठेवलेल्या तालुक्याच्या नावांपैकी एक उचलायचा. झरीच्या जंगलातून आलेली म्हातारी असो की पुसदकडचा गुराखी, भाऊच्या खिडकीवर सगळे तालुक्याचेच रहिवासी व्हायचे. आणि ही बाई मात्र प्रत्येक तांड्याचं पूर्ण नाव अक्षर अक्षर लिहायची. तिच्या प्रत्येक अक्षरागणिक माझा प्रोग्राम ती भली मोठी यादी रिकामी करून पुन्हा भरत होता आणि भरताना एकेका ओळीची उंची नव्यानं मोजत होता, पडद्यावर दिसणाऱ्या आठ-दहा ओळींचीच नव्हे, न दिसणाऱ्या सगळ्या ओळींचीही.

अशा टूलकिटमध्ये पडद्याची सगळी कामं एकामागून एक होतात. दारावर एकच माणूस आहे असं समजा. कळ दाबल्याची वर्दी तोच घेणार, अक्षर तोच काढणार, यादी तोच मांडणार. त्याला यादीत गुंतवलं की दाबलेल्या कळा दाराबाहेर उभ्या राहतात, आणि तो मोकळा झाला की एकदम आत घुसतात. त्यामुळे तिनं पाच अक्षरं दाबली की पडद्यावर काहीच यायचं नाही. मग थोड्या वेळानं पाचही अक्षरं एकत्र उमटायची.

तिनं यावर आपली रीत बसवली होती. नाव एका दमात टाइप करायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि अक्षरं येईपर्यंत बाहेरच्या कडुलिंबाकडं पाहायचं. तेव्हा तिचे ओठ हलायचे, बहुधा काही गुणगुणत असावी. घाई नाही, चिडचिड नाही. पेशंटही तिच्याबरोबर थांबायचे. त्या थांबण्यात ती त्यांना डोळ्याचं विचारायची, घरचं विचारायची. मी एकदा लांबून पाहिलं होतं: एक म्हातारी, डोळ्याला हिरवा पट्टा, आणि ही, दोघी खिडकीच्या दोन बाजूंना गप्प, काहीतरी यायची वाट बघत. मला ते सुंदर वाटलं होतं. ते माझ्या चुकीचं चित्र आहे हे कळलं नव्हतं.

रांग मात्र वाढत होती. भाऊनं तिचं नाव 'लोडिंग' पाडलं. "पाहा, लोडिंग बसली," असं म्हणून तो चहाला जायचा. ती हसून म्हणायची, "आमचे आजे बैलावर लादूनच फिरत होते भाऊ. आमाले कायची लाज?" सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

मग व्यवस्थापक साहेबांनी मला बोलावलं. प्रत्येक नोंद केव्हा उघडली आणि केव्हा जतन झाली याची वेळ प्रोग्राममध्ये राहते, हे त्यांना मीच कौतुकानं सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही खिडक्यांचा तक्ता मागितला. मी काढून दिला, खाली सही करून. तिला भाऊच्या कितीतरी पट वेळ लागत होता.

तिला आत बोलावलं. ती टेबलापाशी उभी राहिली. साहेबांनी मला विचारलं, "सर, मशीनमध्ये तर काही नाही ना?"

मी म्हटलं, "मशीन ठीक आहे."

ती माझ्याकडं वळली. "सर, माह्ये बोटं पुढं राह्यतेत. अक्षरं मांगून येतेत."

मी चाळीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज काढला. समजूतदार, मऊ आवाज. "ताई, सराव लागतो. होईल सवय बोटांना."

तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर बरं झालं असतं. तिनं फक्त माझ्याकडं पाहिलं, जणू मी एवढ्यातल्या एवढ्यात फार लांब गेलो होतो आणि तिला मला ओळखायला वेळ लागत होता. महिना संपल्यावर तिला येऊ नका म्हणून सांगितलं.

इथपर्यंत मला माहीत नव्हतं. न तपासता बोललो हा दोष आहे, पण खोटं बोललो नव्हतो. खोटं पुढं सुरू झालं.

दोनेक महिन्यांनी विश्वस्तांना गावांची छापील यादी हवी होती. म्हणून मी दवाखान्यातली पूर्ण यादी घरच्या संगणकात आणली. जेवण झाल्यावर सहज गावाच्या चौकटीत 'तांडा' लिहायला बसलो. बोटं चालली. पडदा थांबला. मी हात उचलून बसलो आणि समोरच्या भिंतीकडं पाहायला लागलो. मग सगळी अक्षरं एकदम आली.

तेव्हा घरात फार शांतता होती. परसात बायको वाळवण उलटं करत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी पुन्हा लिहून पाहिलं. पुन्हा तेच. मग तिनं सांगितलं तेव्हाच जे करायला हवं होतं ते मी केलं. प्रोग्राममध्ये जागोजागी वेळ टिपणाऱ्या ओळी घातल्या आणि कुठं किती वेळ जातो ते पाहिलं. नाव शोधण्यात जवळजवळ काहीच वेळ जात नव्हता. सगळा वेळ मोजण्यात जात होता. ती उंचीची आज्ञा काढून टाकली आणि टिंब व उकार दोन्ही मावतील एवढी एकच उंची सगळ्या ओळींना दिली. टायपिंग क्षणभर थांबल्यावरच यादी भरावी, असं केलं. पुन्हा 'तांडा' लिहिलं. बोटाखाली अक्षर उमटलं. टिंबासकट.

दुरुस्ती संध्याकाळच्या आत झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात जाऊन नवी आवृत्ती बसवली. साहेबांनी विचारलं, काय केलं? मी म्हटलं, "थोडी सुधारणा." तिच्या जागी आलेल्या मुलीची सगळे तारीफ करायला लागले, काय हात चालतो तिचा. पुढं एका कार्यक्रमात मला शाल दिली. मी शाल घेऊन खाली बसलो आणि टाळ्या ऐकत राहिलो. सांगायला तोंड उघडलं असतं तर फार तर दोन वाक्यं लागली असती. मी स्वतःला सांगत राहिलो की आता तिला दुसरं काम मिळालं असेल. कुठून कळलं होतं मला? मी विचारलंच नव्हतं.

नंतर दवाखान्यानं बाहेरचा प्रोग्राम विकत घेतला. माझा गेला, आणि त्याच्याबरोबर तांड्यांची यादीही गेली.

मागच्या हिवाळ्यातल्या त्या दिवशी थेंबांचा अंमल उतरल्यावर मी घरी आलो, आणि तीन दिवसांनी दारव्ह्याची गाडी धरली. तिथून जीप. तिचा तांडा कुठं हे मला विचारावं लागलं नाही. उजव्या हाताला पहिलाच. तिचं घरही लगेच सापडलं, कारण ती आता पिठाची गिरणी चालवते. पट्ट्याचा आवाज चालू होता. ती पिठानं पांढरी झाली होती, भुवया, पापण्या, केसांची कड. दारात उभं राहून मी तिच्याकडं पाहत होतो आणि मला वाटलं, ही आपल्याला ओळखणार नाही. बरं होईल.

तिनं गिरणी बंद केली. "सर ना तुमी?"

ओट्यावर तिची सासू बसली होती, घागरा आणि आरशांच्या टिकल्या लावलेली चोळी असा जुना पेहराव केलेली, मराठी फारसं न बोलणारी. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. यादी, उंची, टिंब, दाराबाहेर उभी राहिलेली अक्षरं. मला वाटलं होतं तिला समजावून सांगावं लागेल. ती मध्येच म्हणाली, "मले माहीत होतं. मशीन हळू होती. मी नाई."

मी म्हटलं, हो. तेच सांगायला आलो.

"मले कायले सांगता सर? तिथं सांगतलं का?"

मी नाही म्हटलं. ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आली. दवाखान्यानं जाताना दिलेला अनुभवाचा दाखला होता. शेवटची ओळ अशी: 'कामाचा वेग समाधानकारक आढळला नाही.' पंचायतीत संगणकावर माणूस हवा होता तेव्हा तिनं तो अर्जाला जोडला होता. ज्यानं वाचला त्यानं तिच्यासमोर अर्ज परत केला. त्यानंतर ती संगणकाला बसली नाही. आता तिला नोकरी नको आहे, असं ती म्हणाली. गिरणी चांगली चालते. पण घरात अजून कोणी लवकर आटप म्हणालं की तिला तो कागद आठवतो.

"हा फाडून टाकाचा आहे मले. पण याच्या जागी दुसरा पाह्यजे."

मी दवाखान्यात गेलो. आताचे व्यवस्थापक तरुण आणि सभ्य आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या वेळचे साहेब बदलून गेले, ते विश्वस्त वारले. जुने कागद राहिले नाहीत. त्यामुळे या व्यवस्थापकांना संस्थेतर्फे काही लिहून देता येणार नव्हतं. मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मग ते म्हणाले, "सर, तक्त्यावर सही तुमची होती म्हणता. तर तुम्हीच लिहून द्या. एक प्रत आम्ही फाइलला लावू."

मी घरी येऊन लिहिलं. घरचं वळण. संगणक न वापरता शाईनं, घोटून, समास सोडून. दुसऱ्या आठवड्यात तो कागद घेऊन पुन्हा तिच्या ओट्यावर बसलो.

तिनं हात पुसले आणि वाचलं. अर्ध्यावर थांबली. पुन्हा वरून वाचलं.

"इथं काय लिवलं? 'तपासणीत त्रुटी राहून गेली. त्यामुळे संबंधित कर्मचाऱ्यावर अन्याय झाला.'"

"हो."

"त्रुटी राहून गेली. अन्याय झाला." तिनं दोन्ही क्रियापदं वेगवेगळी उच्चारली. "पाऊस झाला, तसं लिवलं तुमी हे. कोन केला ते काहून नाही?"

मी म्हटलं, कागदावर असंच लिहायची पद्धत आहे. म्हणताना मला माझ्या वडिलांचा आवाज ऐकू आला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच लिहीत आले. आदेश देण्यात आला, अर्ज नामंजूर करण्यात आला, आढळून आले. कोणाचाच हात नसलेली सुंदर अक्षरं.

"मंग तशी पद्धत असन तं नको मले," ती म्हणाली आणि कागद माझ्यासमोर ठेवला. रागानं नाही. दळण परत करावं तसं.

गिरणीवर आलेल्या दोन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या. मी पिशवीतून कोरा कागद काढला आणि गिरणीच्या पत्र्याच्या टेबलावर लिहायला बसलो. टेबलावर पीठ होतं, हात सरकत होता. अक्षर चांगलं आलं नाही. मी लिहिलं: प्रोग्राम मी लिहिला होता. तो हळू चालत होता. त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी तपासलं नाही. मशीन ठीक आहे असं मी सांगितलं. मग चूक मला सापडली आणि मी ती लपवली. त्यांचं काम बरोबर होतं. प्रत्येक वेळी 'मी' लिहिताना पेन जड होतं, आणि वाक्यं मात्र आखूड होत गेली. खाली सही केली आणि दवाखान्यासाठी तसाच दुसरा कागदही लिहिला.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "याडीले ऐकू द्या. तिनं तवा लय बोलणं खाल्लं लोकाईचं."

याडी म्हणजे आई; सासूला ती तसंच म्हणते. मी वाचलं. एका वाक्यानंतर मी थांबायचो आणि ती ते त्यांच्या बोलीत सांगायची. डबे घेतलेल्या बायकाही ऐकत होत्या. म्हातारी माझ्याकडं न पाहता रस्त्याकडं पाहत ऐकत होती. शेवटचं वाक्य झाल्यावर ती काहीतरी बोलली. बरंच बोलली. त्यातला एकही शब्द मला कळला नाही. बायकांपैकी एकीनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

ती कागदाची घडी घालत होती. "ते तुमच्यासाठी नाही सर," ती म्हणाली, आणि नवा कागद घेऊन आत गेली. जुना दाखला फाडला की नाही, ते तिनं मला दाखवलं नाही. बाहेर येऊन तिनं पहिल्या बाईचा डबा घेतला आणि गिरणी सुरू केली.

आवाजात पुढं काही बोलता येण्यासारखं नव्हतं.  उन्हात पीठ उडत होतं. मग उठून रस्त्यावर आलो आणि जीपची वाट पाहत उभा राहिलो. दुसरी प्रत खिशात होती, ती दवाखान्यात द्यायची होती. ती मी दुसऱ्या दिवशी दिली.